अणुकेंद्राची भिंत भेदणारे शास्त्रज्ञ : जॉर्ज गॅमो

किरणोत्सर्गी अणूचे विघटन का होते आणि त्यासाठी लागणारा काळ कशावर अवलंबून असतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९२८ साली मिळाले. ते देणाऱ्यांपैकी एक होते २४ वर्षांचे जॉर्ज गॅमो. त्यांनी मांडलेली कल्पना आज अणुकेंद्रापुरती मर्यादित राहिलेली नाही. ज्या ज्या सूक्ष्म प्रणालीतून ऊर्जा बाहेर झिरपते, त्या प्रत्येक प्रणालीच्या अभ्यासाचा ती पाया ठरली आहे.

गॅमो यांचा जन्म ४ मार्च १९०४ रोजी आजच्या युक्रेनमधील ओडेसा येथे झाला. त्यांचे वडील रशियन भाषा व साहित्याचे शिक्षक होते. लेनिनग्राड विद्यापीठात शिक्षण घेत असताना १९२८ च्या उन्हाळ्यात ते जर्मनीतील गटिंगेन येथे आले. तेथे अर्नेस्ट रदरफोर्ड यांचा एक शोधनिबंध त्यांच्या वाचनात आला. युरेनियमच्या अणुकेंद्रातून सुमारे ४.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे अल्फा कण बाहेर पडतात. मात्र त्याच केंद्रावर ८.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे कण बाहेरून सोडले, तर विद्युत प्रतिसारणामुळे ते आत शिरू शकत नाहीत. दुप्पट ऊर्जेच्या कणाला जी भिंत ओलांडता येत नाही, ती निम्म्या ऊर्जेचा कण कशी ओलांडतो, हे कोडे होते.

त्याचे उत्तर गॅमो यांना त्या वेळी नव्यानेच उदयाला आलेल्या पुंजयामिकीत सापडले. कण हा तरंगही असल्यामुळे तो भिंतीवरून न जाता तिच्यातून अत्यल्प प्रमाणात आरपार झिरपतो. भिंतीची उंची आणि जाडी यांत थोडा फरक पडला, तरी झिरपण्याची शक्यता प्रचंड बदलते. म्हणूनच युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षे, तर पोलोनियम-२१२ चे सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असते. अमेरिकेत रोनाल्ड गर्नी आणि एडवर्ड काँडन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

गॅमो यांच्या गणितात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. पूर्णपणे बंदिस्त प्रणालीची ऊर्जा साध्या वास्तव संख्येने दर्शवता येते आणि तिची अवस्था चिरकाल टिकते. गॅमो यांनी विघटन पावणाऱ्या अवस्थेसाठी संमिश्र संख्या वापरली. या संख्येचा वास्तव भाग ऊर्जा सांगतो, तर काल्पनिक भाग त्या अवस्थेच्या क्षयाचा वेग सांगतो. प्रयोगात अशी अवस्था अनुस्पंदनाच्या शिखराच्या रूपाने दिसते. शिखर जितके रुंद, तितके अवस्थेचे आयुष्य कमी. अशा अवस्थांना आज गॅमो अवस्था असे संबोधले जाते.

हा सिद्धांत उलट दिशेनेही लागू पडतो, हे त्यांच्या गणितावरून दिसून आले. बाहेरचा कमी ऊर्जेचा प्रोटॉनही केंद्रात शिरू शकतो, हे स्पष्ट झाल्याने जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांना केंब्रिज येथील प्रयोगासाठी बळ मिळाले. १९३२ मध्ये त्यांनी लिथियमचे अणुकेंद्र फोडले.

मायदेशी मात्र गॅमो यांच्यापुढे वेगळीच भिंत उभी होती. १९३१ मध्ये रोम येथील परिषदेसाठी त्यांना पारपत्र नाकारण्यात आले. १९३२ मध्ये पत्नीसह लहानशा नावेतून काळा समुद्र ओलांडून तुर्कस्तान गाठण्याचा त्यांचा प्रयत्न वादळामुळे फसला. अखेर १९३३ मध्ये ब्रुसेल्स येथील सॉल्वे परिषदेस पत्नीसह जाण्याची परवानगी मिळाली आणि ते परतले नाहीत. १९३८ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. त्याच वर्षी त्यांचे लेनिनग्राडमधील सहकारी मात्वेई ब्रोनस्टाइन यांना गोळ्या घालण्यात आल्या, तर लेव्ह लँडाऊ यांना कारावास भोगावा लागला. मागे राहण्याची किंमत काय होती, हे यावरून लक्षात येते.

१९३४ पासून गॅमो अमेरिकेत स्थायिक झाले. विश्वाच्या आरंभीच्या उष्ण अवस्थेत मूलद्रव्ये कशी घडली, यावरील राल्फ आल्फर यांच्यासमवेतचा त्यांचा १९४८ चा निबंध विशेष गाजला. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेली विज्ञानविषयक पुस्तकेही लोकप्रिय ठरली. त्याबद्दल १९५६ मध्ये त्यांना युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. ओडिशाचे बिजू पटनायक यांच्या देणगीतून हा पुरस्कार सुरू झाला होता. नोबेल पुरस्कार मात्र त्यांना कधीही लाभला नाही. १९ ऑगस्ट १९६८ रोजी बोल्डर येथे त्यांचे निधन झाले.

गॅमो यांनी एका भिंतीचा आणि एका कणाचा विचार केला होता. जड अणुकेंद्रात मात्र अनेक कण परस्परांवर आदळत असतात आणि अनुस्पंदनांची दाटी होते. शेजारी-शेजारी असलेल्या अनुस्पंदनांची आयुष्येही परस्परांहून फार भिन्न असू शकतात. यूजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात त्यांच्यासाठी संख्याशास्त्रीय मार्ग दाखवला. अशा गोंधळी, पण बाहेरच्या जगाला खुल्या असलेल्या प्रणाली आज सूक्ष्मलहरींच्या पोकळ्यांत आणि अतिसूक्ष्म लेसरमध्येही अभ्यासल्या जातात. तेथेही प्रत्येक अवस्थेचे आयुष्य मोजताना संशोधक गॅमो यांच्या त्याच संमिश्र संख्येचा आधार घेतात.