लिली पार : डाव्या पायाचे सामर्थ्य

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठरवले की, फुटबॉल हा स्त्रियांना मानवणारा खेळ नव्हे. संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. लिली पार तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

२६ एप्रिल १९०५ रोजी लँकेशायरमधील सेंट हेलेन्स या काचकारखान्यांच्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील तिथेच मजुरी करीत. भावांबरोबर फुटबॉल आणि रग्बी खेळत लिली वाढल्या; उंची सहा फुटांच्या आसपास गेली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्याच्या महिला संघात दाखल झाल्या. महायुद्धात या कारखान्यात स्त्रिया दारूगोळा तयार करीत. त्या कष्टाच्या वेळी स्त्रीदेहाच्या नाजूकपणाची आठवण कुणाला झाली नव्हती, हे येथे नोंदवायला हवे.

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक लोटले. वर्षभराच्या आत बंदी आली. धर्मादाय निधीच्या हिशेबाबद्दलच्या तक्रारींबरोबरच शरीराचे कारण पुढे करण्यात आले. काही डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला.

पुरुष आणि स्त्री खेळाडूंच्या शरीरात फरक असतो, हे खरेच. वयात आल्यावर पुरुषाचे स्नायू सरासरीने अधिक भरतात, हृदय मोठे असते, रक्तात हिमोग्लोबिन जास्त असते. त्यामुळे वेगात आणि फटक्याच्या जोरात अंतर पडते. पण कुणाचा वेग कमी, म्हणून त्याने धावूच नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय सरासरी मैदानात उतरत नाही, उतरते ती व्यक्ती. त्या काळचा चामडी चेंडू पावसात भिजला की चांगलाच जड होई, आणि तोच चेंडू पार डाव्या पायाने दूरवरून गोलात धाडीत. त्यांचा फटका अडवताना एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडला, अशी आख्यायिका आहे. तिच्यात अतिशयोक्ती असेलही. पण अशी आख्यायिका उगाच कुणाच्या वाट्याला येत नाही.

१९२२ मध्ये संघ अमेरिकेला गेला. तिथे प्रतिस्पर्धी पुरुषांचेच संघ होते. काही सामने हरले, काही बरोबरीत सुटले, काही या मुलींनी जिंकले.

परतल्यावर पार यांनी प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम केले. खेळ मात्र सोडला नाही. मोठी मैदाने बंद होती, म्हणून मिळेल त्या मोकळ्या जागेवर त्या १९५१ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीनंतरही खेळल्या. त्यांचे गोल शेकड्यांनी मोजावे लागतात.

बंदी उठली १९७१ मध्ये. पार तेव्हा साठी ओलांडून गेल्या होत्या. २४ मे १९७८ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घातले; २०१९ मध्ये मँचेस्टरला त्यांचा पुतळा उभा राहिला.