सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस



डॉ. कोटणीसांचे जन्मघर आपल्या शहरात आज स्मारक म्हणून उभे आहे. त्यांच्या त्यागाची कथा आपण मुलांना सांगतो. परंतु हा डॉक्टर स्वतः रुग्ण होता, हे सांगायचे राहून जाते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. त्यात ते होते. वडिलांच्या निधनाची बातमी परदेशातच कळली, तरी ते परतले नाहीत. सोबती मायदेशी गेले, हे मागे राहिले. चिनी भाषा शिकून त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ साली मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

याच काळात त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येत होते. तरीही काम थांबले नाही. अखेर ९ डिसेंबर १९४२ रोजी याच आजाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. बाळ काही महिन्यांचे होते.

आजार माणसाला होतो, पण माणूस म्हणजे आजार नव्हे. हा साधा भेद आपण विसरतो. फिट येणाऱ्या मुलीचे दुखणे लग्नासाठी लपवले जाते, मुलाची शाळा बंद होते. ही बाहेरची बाधा नाही. मेंदूतील विद्युत संदेशांत होणारा तो क्षणिक बिघाड आहे. नियमित औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या मात्र बंद करू नयेत.

कोणाला फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ पहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर त्वरित दवाखान्यात न्या.

आपल्या धर्मग्रामात असे कोणी असेल तर त्याला दूर बसवू नका. कोटणीसांच्या गावाला ते शोभणार नाही.