नाणी वाचणारा माणूस : जेम्स प्रिन्सेप

वहीच्या पानाखाली रुपयाचं नाणं ठेवून वरून पेन्सिल घासायचा उद्योग आपण सगळ्यांनीच केला आहे. तीन सिंह कागदावर उमटले की शेजारणीला दाखवायचे. सातवीत इतिहासाच्या तासाला मी यात पकडली गेले. बाई रागावल्या नाहीत. हे सिंह अशोकाच्या स्तंभावरचे, आणि असेच ठसे पाहून एका माणसाने अशोकाची अक्षरं वाचली, एवढं सांगून त्या पुढे शिकवू लागल्या.

त्यानंतर इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं गेली. मग आजोबांच्या पेटीत 1835 सालचा कंपनी सरकारचा रुपया सापडला आणि त्याच्यामागे लागून मी त्या माणसापर्यंत पोचले. त्याचं नाव जेम्स प्रिन्सेप.

त्याचा जन्म 20 ऑगस्ट 1799 चा. वडील हिंदुस्थानात निळीच्या धंद्यात पैसा कमावून इंग्लंडला परतले होते. जेम्सचा चित्रकलेत हात चांगला, म्हणून त्याने वास्तुकलेचं शिक्षण सुरू केलं. पण डोळ्यांना संसर्ग झाला, नजर अधू झाली आणि ती वाट सुटली. मग त्याला रसायनशास्त्र आणि धातूंची पारख शिकवून 1819 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाठवण्यात आलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

पुढची दहा वर्षं तो बनारसच्या टांकसाळीत होता. चांदीचा कस तपासणं हे त्याचं काम. भट्टीचं तापमान मोजायला त्याने सोनं, चांदी आणि प्लॅटिनम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तुकडे बनवले. कोणता तुकडा वितळला आणि कोणता टिकला, यावरून तापमान कळायचं. 1828 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. शहरातलं साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून त्याने जमिनीखालून कमानदार भुयारही बांधवलं. बनारसची टांकसाळ बंद झाल्यावर 1830 मध्ये तो कलकत्त्याला परतला. 1832 पासून टांकसाळीची पारख आणि एशियाटिक सोसायटीचं चिटणीसपद अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्याकडे आल्या.

त्या काळी देशात एक रुपया नव्हताच. सुरती वेगळा, अर्काटी वेगळा, फर्रुखाबादी वेगळा, पुण्याकडे अंकुशी. मुलूख बदलला की सराफ नाणं पारखून बट्टा कापायचा. रुपया आणि वजनं सगळीकडे एकच असावीत, यासाठी प्रिन्सेपने खटपट केली. 1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला : वजन 180 ग्रेन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. रुपयाभार म्हणजे एक तोळा. आपल्या आज्या पाटल्या-बांगड्यांचा हिशोब ज्या तोळ्यात सांगायच्या, तो 11.66 ग्रॅमचा तोळा हाच. माझ्या पेशातले लोक स्टँडर्डसाठी महिनोन् महिने भांडतात, त्यामुळे या कामाची किंमत मला कळते.

दिवसाचं काम संपलं की जुनी नाणी. पंजाबातून सेनापती व्हेंचुराने, अफगाणिस्तानातून मॅसनने मिळवलेली नाणी आणि त्यांची माहिती त्याच्यापर्यंत पोचत होती. नाण्यांची चित्रं तो स्वतः काढी आणि सोसायटीच्या मासिकात छापी. त्यामुळे दूरच्या अभ्यासकालाही ते नाणं पाहिल्यासारखं होई. बऱ्याच ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी असे. राजाचं नाव तेच असणार, हे धरून खरोष्ठीतली अक्षरं एकेक करून सुटू लागली. बॉनच्या लासेनने 1836 मध्ये अशाच एका नाण्यावर ब्राह्मीत लिहिलेलं अगाथोक्लीस राजाचं नाव ओळखलं.

1837 मध्ये कॅप्टन स्मिथने सांचीच्या स्तूपावरच्या लेखांचे ठसे पाठवले. लेख छोटे छोटे, पण शेवटची दोन अक्षरं बहुतेक सगळीकडे सारखी. देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं असतात, तशी ही नावं असावीत असं प्रिन्सेपच्या लक्षात आलं. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार! तिथून बाकीची अक्षरं सापडत गेली. सौराष्ट्रातली क्षत्रपांची चांदीची नाणी वाचता आली आणि काही आठवड्यांत दिल्लीच्या स्तंभावरचा लेखही. अर्थ लावायला पंडित कमलाकांत मदतीला होते. लेखातला राजा सिंहलद्वीपाचा असावा, असं प्रिन्सेपला आधी वाटलं. तो अशोक आहे, हे सिंहलद्वीपातल्या टर्नरने दाखवल्यावर त्याने ते मान्य केलं.

पुढे 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारला होता. आपल्या मातीतलं हे सत्तांतर नाण्यांवर वाचता आलं, ते याच अक्षरओळखीमुळे.

प्रिन्सेपने मात्र फार लवकर निरोप घेतला. 1838 मध्ये डोकेदुखी बळावली, बुद्धी साथ देईना, आणि त्याला इंग्लंडला न्यावं लागलं. तो बरा झालाच नाही. ऑगस्ट 1839 मध्ये पॅरिसला छायाचित्रणाची पहिली पद्धत जगासाठी खुली झाली, तेव्हा हयातभर नाणी हाताने रेखाटलेला हा माणूस अंथरुणाला खिळला होता. 22 एप्रिल 1840 रोजी तो गेला. वय चाळीस. मागे पत्नी आणि लहानगी मुलगी. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीकाठी त्याच्या नावाचा घाट बांधला.

आपण सगळ्यांनी ते वय ओलांडलं आहे. रात्री बारालाही लॅपटॉप मिटत नाही, तेव्हा मला त्याची आठवण होते. त्याचं काम मोठं होतं, पण त्याची मुलगी बापाशिवाय वाढली, हेही खरं. हल्ली मी दहाला लॅपटॉप बंद करते.

आता माझी चूक सांगते. आजोबांचा रुपया काळा पडला होता. फोटो छान यावा म्हणून मी तो टूथपेस्टने घासला. या रुपयांवर राजाच्या मानेच्या कापलेल्या कडेवर इवलीशी अक्षरं असतात आणि संग्राहक ती भिंगातून शोधतात. माझ्या नाण्यावर आता तिथे नुसता चकचकीत डाग आहे. दीडशेहून अधिक वर्षं टिकलेलं मी पाच मिनिटांत पुसलं.

म्हणून संमेलनाला घरातली जुनी नाणी जरूर आणा, पण घासू नका, चिंचही लावू नका. मी कॅमेरा आणि एक दिवा आणते. दिवा बाजूने, अगदी खालून धरायचा; म्हणजे झिजलेल्या अक्षराचीही सावली पडते आणि ते दिसू लागतं. नाणं कडेने धरायचं, शेजारी मोजपट्टी ठेवायची, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे आणि वजन लिहून ठेवायचं.

आणि बाई, तुम्ही येणार असाल तर मी पेन्सिलही आणीन.