साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाच्या शिक्षण खात्यात बावीस वर्षांच्या एका तरुणाने करारावर सही केली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी संस्थान त्याला तीन वर्षे शिष्यवृत्ती देणार होते. शिष्यवृत्तीची रक्कम होती दरमहा साडेअकरा पौंड. त्याच्या बदल्यात त्याने ठरवून दिलेले विषय शिकायचे होते आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची होती. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

शिष्यवृत्तीला आपण उर्दूत वजीफा म्हणतो. वजीफा मंजूर झाला की शिक्षणाची काळजी मिटली, असे पुष्कळांना वाटते. पण या सहीपासून भीमरावांचे परदेशातील शिक्षण पुरे होईपर्यंत दहा वर्षे लागली. त्यांतली जवळजवळ तीन वर्षे पुढच्या शिक्षणासाठी पैसे जमवण्यात गेली.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत असत. घराणे कोकणातील, मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजात जन्म झाल्यामुळे लहानग्या भीमाला साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. पुढे हे कुटुंब मुंबईत आले आणि परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत राहू लागले. रामजींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, पण मुलाला पुस्तक हवे असले की ते नाही म्हणत नसत. लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन ते पैसे मागत. पैसे नसले तर मुलीचा दागिना घेऊन गहाण ठेवत, पुस्तक आणत आणि निवृत्तिवेतन मिळाले की दागिना सोडवून परत करत. भीमरावांना पहिली शिष्यवृत्ती दिली ती या बहिणींनी, असे म्हटले तर चूक होणार नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकवण्यास नकार मिळाला. तेव्हा त्यांनी फारसी घेतली. आपल्या शाळेत तुम्हीही दुसरी भाषा शिकता, पण ती घेऊ नका असे तुम्हांला कोणी म्हणत नाही. पुढे बी. ए. च्या परीक्षेलाही त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी हेच होते. संस्कृत त्यांनी मोठेपणी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुस्कर गुरुजी नुसते पुस्तक देऊन थांबले नाहीत. कॉलेजच्या खर्चाची अडचण पाहून त्यांनी भीमरावांची बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी भेट घडवली. महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. त्यांवर एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण झाले. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्यात नोकरीला लागले, पण २ फेब्रुवारीला वडिलांचे निधन झाले. त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठवण्याचा विचार करत होते. भीमरावांनी त्यांची भेट घेतली आणि त्यातून सुरुवातीला सांगितलेला करार झाला.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. प्रा. सेलिग्मन, प्रा. जॉन ड्यूई यांच्यासारखे नामवंत शिक्षक लाभले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री झाली. हे नाव लक्षात ठेवा.

आता साडेअकरा पौंडांचा हिशेब पाहू. त्या वेळी एका पौंडाला पाच डॉलरांपेक्षा थोडे कमी मिळत. म्हणजे हातात महिन्याला सुमारे ५६ डॉलर येत. त्यांतून राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके सारे भागवायचे आणि उरलेल्यातून मुंबईला घरीही पैसे पाठवायचे. घरी पत्नी रमाबाई आणि मोठे कुटुंब होते. भीमरावांनी खर्चाला कात्री लावली ती पोटापासून. नाटक, सहल, मौजमजा यांचा तर प्रश्नच नव्हता. फक्त एका गोष्टीपुढे त्यांचा निश्चय टिकत नसे. जुन्या पुस्तकांचे दुकान दिसले की पाय आपोआप तिकडे वळत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली!

जून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. त्याच सुमारास पीएच. डी. चा प्रबंधही तयार झाला. पण तेथेही पैसा आडवा आला. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. छपाईला पैसे कोठून आणणार? तो प्रबंध ग्रंथरूपाने निघाला १९२५ साली आणि पदवी रीतसर मिळाली १९२७ साली.

अमेरिकेतून ते लंडनला गेले. तेथे ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. अभ्यास नुकता रंगात आला होता. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. हाती एकही नवी पदवी नव्हती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. भीमराव एका जहाजाने निघाले, सामान दुसऱ्या जहाजाने. ते दुसरे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. उपाशी राहून घेतलेली बहुतेक पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यास रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद टाकत. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना तेथून निघावे लागले. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वाट पाहत भीमराव कामाठी बागेत तासन् तास बसून राहिले. संस्थानाने शिकवले खरे, पण ज्या शहरात दहा वर्षे नोकरी करायची त्या शहराने छप्पर दिले नाही. करार त्यांनी मोडला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही.

मुंबईत परतल्यावर शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना पैशाच्या गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचे काम सुरू केले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. इतर वर्गांतील मुलेही त्यांचे व्याख्यान ऐकायला येत, पण प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते.

साडेचारशे रुपये मिळू लागल्यावर दुसरा कोणी चांगले घर घेऊन सुखाने राहिला असता. डॉ. आंबेडकर परळच्या चाळीतच राहिले. पगारातील ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देत, बाकीची लंडनसाठी बाजूला ठेवत. रमाबाईंनी त्या मोजक्या पैशांत सारा संसार चालवला. या शिक्षणाचा खर्च कोणी कोणी केला याची यादी कराल तेव्हा त्यांचे नाव विसरू नका.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक होतीच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. तरीही रक्कम अपुरी पडत होती. तेव्हा नवल भथेना पुढे आले आणि त्यांनी पाच हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत बसले. परवानगीची चार वर्षे अजून संपली नव्हती.

लंडनमधील दिवस न्यूयॉर्कपेक्षा कठीण गेले. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मुरंबा आणि गरम पेयाचा एक कप. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन. दुपारचे जेवण नाही. बसचे भाडे वाचवण्यासाठी पायी चालणे. रात्री अभ्यास करता करता भूक असह्य झाली, की ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांपैकी चार पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडत.

१९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी डी. एस्सी. साठी प्रबंध सादर केला. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. ज्याने रुपया न् रुपया मोजून खर्च केला त्याने हा विषय निवडावा, हे मला फार योग्य वाटते. त्या प्रबंधात ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर कडक टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पण लंडनमध्ये थांबायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस आले. येथूनच प्रबंध सुधारून पाठवला आणि नोव्हेंबरात डी. एस्सी. पदवी मिळाली. दरम्यान वकिली सुरू करायची होती. त्यासाठी लागणारी सनद (हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे) काढण्यापुरतेही पैसे खिशात नव्हते. या वेळीही भथेनाच मदतीला आले.

पुढे बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचा सत्याग्रह केला, भारताची राज्यघटना तयार करणाऱ्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. तो भाग तुम्ही इतिहासात वाचलाच असेल. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना बोलावून सन्माननीय पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

पैशासाठी अडलेले शिक्षण ते विसरले नव्हते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मंत्री झाल्यावर त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैशांची मागणी लावून धरली. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. त्यांतून काही विद्यार्थी परदेशीही शिकून आले. महाराष्ट्र सरकारची, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशात शिकायला पाठवणारी एक शिष्यवृत्ती आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. तिच्यात विद्यापीठाची फी, राहण्याचा खर्च आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे सरकार भरते.