लांब झग्यातल्या बाई

अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या स्मिथ कॉलेजने मुलींच्या व्यायामवर्गाचे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे फोटो जपून ठेवलेत. त्यातला एक खूप गाजलेला. मधोमध पायघोळ झग्यातल्या बाई चेंडू उंच धरून उभ्या आणि दोन्ही बाजूंना पोटऱ्यांपर्यंतच्या ढगळ विजारी घातलेल्या मुली, झेप घ्यायच्या तयारीत. त्या बाई म्हणजे सेंडा बेरेन्सन. मुलींच्या बास्केटबॉलची आईच म्हणा ना!

गंमत म्हणजे व्यायामाचा त्यांना मुळात तिटकाराच. १८६८ मध्ये लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबात जन्म, सात वर्षांची असताना बोस्टनला स्थलांतर. वडील दारोदार भांडी विकणारे फेरीवाले. प्रसिद्ध कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन हा थोरला भाऊ. सेंडाला पियानो शिकायचा होता, पण पाठ इतकी दुबळी, की शिक्षण सोडावं लागलं. तब्येत सुधारावी म्हणून १८९० मध्ये बोस्टनच्या व्यायामशिक्षिका घडवणाऱ्या शाळेत नाव घातलं, तेही नाइलाजाने. हळूहळू पाठ ताठ झाली आणि मन रमलं.

जानेवारी १८९२ मध्ये त्या स्मिथ कॉलेजात शिकवायला लागल्या. मुली कवायतीला कंटाळलेल्या. जवळच्याच स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी महिन्याभरापूर्वी मुलांसाठी एक नवा खेळ काढला होता. त्याबद्दल बाईंनी वाचलं आणि मुलींना खेळायला लावलं. धावपळ बायकांना झेपत नाही, असं डॉक्टरही सांगायचे तो काळ!

मार्च १८९३ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना ठरला. पुरुषांना प्रवेश बंद. बाईंनी चेंडू वर उडवला, तोच त्यांचा हात पहिल्या वर्षाच्या कॅप्टनला लागून तिचा खांदाच निखळला. तिला आत नेऊन खांदा बसवला, दुसरी मुलगी उभी केली आणि खेळ सुरू!

या खेळात ओढाओढी नको, म्हणून बाईंनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग आखले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळायचं असं ठरवलं. चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. १९०१ मध्ये त्यांनी संपादित केलेलं नियमांचं पुस्तक छापून आलं. आज आपल्याला ही बंधनं काचतात. पण त्या रेषा नसत्या, तर त्या काळच्या आईवडिलांनी आणि कॉलेजांनी मुलींना खेळू दिलं असतं का? मला नाही वाटत. बायका नोकरीला बाहेर पडताहेत, तर शरीरही खणखणीत हवं, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. मात्र मुलींनी बक्षिसांमागे धावणं त्यांना रुचत नव्हतं, हेही खरं.

१९११ मध्ये त्यांनी त्याच कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांशी, हर्बर्ट ॲबट यांच्याशी लग्न केलं आणि तिथली नोकरी सोडली. पुढे १९२१ पर्यंत एका शाळेत शिकवलं. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं.

स्प्रिंगफील्डमध्ये नेस्मिथ यांच्या नावाचं बास्केटबॉलचं सन्मान-दालन आहे. तिथे १९८५ मध्ये स्थान मिळालेल्या पहिल्या महिलांमध्ये सेंडा होत्या. तेव्हाही आयोवा राज्यातल्या अनेक शाळांत मुली मैदानाच्या आपापल्या अर्ध्याच भागात खेळत होत्या. ती मधली रेष तिथे पुसली गेली १९९३ मध्ये.