वीर वैमानिक इंद्रलाल रॉय

इंद्रलाल रॉय याचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यास झाला. त्याचे वडील बॅरिस्टर होते. शिक्षणासाठी तो लहानपणीच इंग्लंडला गेला व लंडनच्या सेंट पॉल्स विद्यालयात शिकू लागला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. जगातील पहिले विमान उडाल्याला त्या वेळी अकरा वर्षेही झाली नव्हती. परंतु इंद्रलालच्या मनाने आकाशाचा ध्यास घेतला होता.

वैमानिक होण्यासाठी त्याने अर्ज केला. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याची दृष्टी अधू ठरवून त्याला नाकारले. दुसरा कोणी असता, तर निराश होऊन घरी बसला असता. इंद्रलालने आपली आवडती मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. या वेळी दृष्टी निर्दोष ठरली. १९१७ साली तो वैमानिक दलात दाखल झाला. त्या दलात हिंदी तरुण अगदी मोजके होते. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा त्यांपैकीच एक.

त्या काळची विमाने लाकूड व कापड यांची असत. वैमानिकाजवळ हवाई छत्रीही नसे. बाँब टाकणारी व टेहळणी करणारी विमाने जड आणि संथ असत. त्यांचे रक्षण करणे आणि शत्रूच्या अशा विमानांना अडविणे, हे चपळ लढाऊ विमानांचे काम होते. इंद्रलालच्या विमानात एकच माणूस बसे. त्यावर दोन यांत्रिक बंदुका होत्या. त्यांपैकी एकीच्या गोळ्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमक्या वेळी सुटत. त्यामुळे पाती तुटत नसत. ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने जाणारे हे विमान जळगावाहून निघाले असते, तर अर्ध्या तासाच्या आत धुळ्यास पोहोचले असते.

१९१७ च्या अखेरीस फ्रान्समध्ये त्याचे विमान कोसळले. तो मेला असे समजून त्याला प्रेतागारात ठेवण्यात आले. तेथे शुद्धीवर येऊन त्याने आतून दार ठोठावले, असे सांगतात. पुढे तो बरा झाला, पण उड्डाणास अपात्र ठरला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो विमानांची चित्रे काढी. मात्र त्याने आपला हट्ट सोडला नाही. अखेर जून १९१८ मध्ये तो पुन्हा आघाडीवर गेला.

६ जुलै रोजी त्याने आपला पहिला विजय मिळविला. ८ जुलैला अवघ्या चार तासांत त्याने शत्रूच्या तीन विमानांवर मात केली. १३ व १५ जुलैला प्रत्येकी दोन, १८ आणि १९ जुलैला प्रत्येकी एक, असे चौदा दिवसांच्या आत त्याच्या नावावर दहा विजय जमा झाले. त्यांपैकी काही त्याने सहकाऱ्यांच्या जोडीने मिळविले होते. पहिल्या महायुद्धात एवढी कामगिरी करणारा तो एकमेव हिंदी वैमानिक होय.

२२ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधील कार्व्हँ गावावरील आकाशात जर्मन विमानांशी त्याची गाठ पडली. त्या झुंजीत त्याचे विमान पेटून खाली कोसळले आणि इंद्रलालला वीरमरण आले. त्याच्या वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जवळच्याच एस्तव्हेल गावी त्याची समाधी आहे. सप्टेंबरमध्ये त्याला मरणोत्तर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे शौर्यपदक जाहीर झाले. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी वीर होय. १९९८ साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

दोन वेळा आकाशाचे दार त्याच्यासाठी बंद झाले. दोन्ही वेळा त्याने ते आपल्या निश्चयाने उघडले. त्याला लाभलेले दिवस थोडे होते, पण त्याच्या जिद्दीची कथा आजही तरुणांना स्फूर्ती देते.