जीएम म्हणजे कोण?

लिमलेटची गोळी आठवते? साखरेचा पाक दाणे धरायच्या आत गार केला की तो तसाच गोठतो. म्हणजे आपण चघळत होतो ती चक्क सेंद्रिय काच! लॅबमध्ये काही खास रेणूही असेच गोठवतात. दाणे नसल्याने या काचेत प्रकाश विखुरत नाही. त्यावर लेसर सोडला की काही रेणू प्रकाशाचे दोन कण एका दमात गिळतात. झोत दुप्पट तीव्र केला, तर हे गिळणं चौपट होतं. ते मोजायचं एकक आहे 'जीएम'. ही अक्षरं मारिया गोपर्ट मेयरच्या आडनावाची.

मारिया १९०६ ची. वडील जर्मनीत गटिंगेनला प्राध्यापक, घराण्यात प्राध्यापकीची सहावी पिढी. मारिया गणित शिकायला गेली आणि मॅक्स बॉर्नमुळे फिजिक्सकडे वळली. १९३० च्या पीएच.डी.त तिने कागदावर गणित मांडलं : अणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो. पण त्यासाठी लागणारा प्रखर प्रकाश आणायचा कुठून? प्रबंध राहिला कपाटात.

त्याच वर्षी जोसेफ मेयर या अमेरिकन केमिस्टशी लग्न करून ती बाल्टिमोरला गेली. नवरा जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक, म्हणून बायकोला नोकरी नाही, असा तिथला नियम. तिला काम मिळालं जर्मन पत्रव्यवहार सांभाळायचं, किरकोळ पैशांत. तरी ती शिकवत राहिली, पेपर लिहीत राहिली. पुढे शिकागोत प्राध्यापक म्हणून नाव लागलं, पण विद्यापीठाचा पगार शून्य! अणुकेंद्रातले कण कवचांसारख्या थरांत कसे बसतात, हे तिने उलगडलं ते याच काळात. हे वाचताना मला तरी राग येतो.

पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली १९६० मध्ये, सॅन दिएगोला. गंमत बघा, पहिला लेसरही त्याच वर्षी लागला! १९६१ मध्ये दोन फोटॉनचं तिचं गणित प्रयोगात खरं ठरलं. तोवर तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. १९६३ मध्ये नोबेल मिळालं, तेही त्या कवचांच्या सिद्धांतासाठी. गावातल्या पेपरने मथळ्यात तिची ओळख काय दिली? तर, आपल्या शहरातली एक आई. १९७२ मध्ये ती गेली.

आज या काचांवरचा एखादा शोधनिबंध उघडा. तक्त्यात एका रकान्यावर 'जीएम' दिसेल. आकडा शेकड्यांत असला, तर रेणू कामाचा समजायचा.